दूध तुटेल म्हणून

माया सिस्टरने फ्रिजचा बर्फाचा कप्पा उघडला आणि तसाच उघडा धरून ठेवला.

"भाऊ, आता तुमीच सांगा, कुठं ठेवू?"

देवानंदने वाकून पाहिलं. कप्प्यात झाकणाच्या लहान डब्या एकीवर एक रचलेल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव होतं, वर्षालीचं बाळ, आणि नावाखाली वार. दूध गोठून फिकट पिवळं दिसत होतं. दुसऱ्या आयांच्या दोन-तीन डब्या कोपऱ्यात कशाबशा बसवलेल्या होत्या.

"थोडं सरकवून पाहा ना, सिस्टर."

"सरकवून सरकवून भिंतीले लागलं. बाकी लेकरायचं कुठं ठेवू? एक काम करा, जुनं आहे ते घरी घेऊन जा."

"घरी नाही नेता येत."

"काहून?"

 हातातला थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवून त्याने चिकटपट्टी सोडवली. बाळापूरजवळच्या त्याच्या मळ्यातून हा डबा एरवी अकोल्याच्या फुलबाजारात गुलाबाच्या कळ्या घेऊन जायचा. तळाशी एक सुकलेली पाकळी अजून चिकटलेली होती. आज त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बायकोने पहाटे काढलेलं दूध होतं.

"राहू द्या इथंच," तो म्हणाला. "पोट बरं झालं की लागनच ना तिले."

माया सिस्टरने कप्प्यातला बर्फाचा ट्रे ओढून काढला, बेसिनमध्ये उपडा केला आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या डब्या ठेवल्या.

बाळाने सोमवारपासून दुधाचा थेंब घेतला नव्हता. आज शुक्रवार होता.

वर्षाली पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात दर्यापूरला माहेरी गेली होती आणि त्याच आठवड्यात तिचं ब्लडप्रेशर चढून झटके आले. अमरावतीला आणून तातडीने सिझर केलं. मुलगी झाली. वजन एक किलोच्या आत. वर्षाली शुद्धीवर आल्यावर तिला चाकाच्या खुर्चीतून एकदा या वॉर्डात आणलं होतं. काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून आत हात घालून तिने बाळाच्या तळपायाला बोट लावलं, बाळाने पाय झटकला, आणि नर्सने खुर्ची वळवली. तिने आपली मुलगी पाहिली ती तेवढीच. सुट्टी झाल्यावर तिची आई जयवंताबाई तिला दर्यापूरला घेऊन गेली. बाळंतिणीने सव्वा महिना घराचा उंबरा ओलांडायचा नाही. कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, खाटेखाली शेगडी. डॉक्टर साधना मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की आईला वॉर्डाशेजारच्या खोलीत राहू द्या, बाळाला आईची गरज असते. जयवंताबाई म्हणाल्या, "त्या थंड्या फरशीवर माही पोरगी हातची जाईन."

म्हणून आईऐवजी दूध यायचं. देवानंद सकाळी दर्यापूरहून जीपने निघायचा आणि संध्याकाळी रिकाम्या डब्या घेऊन परतायचा. सुरुवातीला बाळाला नळीतून दूध द्यायचे ते इतकं थोडं, की सिरिंज रिकामीच आहे असं वाटावं. मग हळूहळू वाढवत गेले. वजन वाढू लागलं. गेल्या रविवारी माया सिस्टरने त्याला मोबाइल आत आणून दोन-तीन व्हिडिओ काढू दिले. मुलगी जागी होती. डोळे उघडे ठेवून छताच्या दिव्याकडे पाहत होती आणि मधेच हनुवटी हलवत होती. वर्षाली त्यातला एक व्हिडिओ समोर धरून दूध काढायची. पाहिलं की लवकर उतरतं, म्हणाली.

सोमवारी दुपारी बाळाचं पोट फुगलं. नळीतून हिरवं पाणी परत आलं, लंगोटात रक्त दिसलं. दूध बंद झालं. वेळेआधी आलेल्या बाळांच्या आतड्याला असा आजार होतो, मॅडम म्हणाल्या, आईचं दूध मिळालेल्या बाळांना कमी होतो, पण होतो. मंगळवारी आतड्याला भोक पडलं. ऑपरेशन सोसण्याइतकं अंगात काही नव्हतं. सर्जननी पेटीतच पोटावर छोटा छेद देऊन एक रबरी नळी बसवली. तोंडात श्वासाची नळी गेली. तेव्हापासून तिने डोळे उघडले नव्हते.

सोमवारी संध्याकाळी तो दर्यापूरला पोचला तेव्हा जयवंताबाई अंगणातच उभ्या होत्या. त्याचं तोंड पाहून त्यांनी त्याला गोठ्याच्या बाजूला नेलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तिले सांगू नका," त्या म्हणाल्या.

"मामी, तिची पोरगी आहे."

"म्हनूनच सांगू नका. बाळंतिनीच्या कानावर वाईट पडलं की दूध तुटते. एकदा तुटलं की देवानं म्हटलं तरी येत नाही. लेकरू बरं झाल्यावर काय देसान?"

बरं झाल्यावर. त्या संध्याकाळी त्याला हेच दोन शब्द हवे होते. फुलं विकणाऱ्याला सवय असते, टोपली बाजारात पोचेपर्यंत वरचा थर ओला आणि टवटवीत ठेवायचा. तो खोलीत गेला, खाटेजवळच्या स्टुलावर बसला आणि रविवारचाच दुसरा व्हिडिओ वर्षालीपुढे धरून म्हणाला, "आजचा आहे." मंगळवारी तिसरा दाखवूनही तेच म्हणाला. बुधवारी तिने विचारलं, "रोज त्याच कपड्यावर कशी निजवते हे लोकं?" तो म्हणाला, "दवाखान्यात सगळे कपडे सारखेच राहते."

"देवानंद, आत या," डॉक्टर साधना मॅडमनी हाक मारली.

मॅडमची खोली म्हणजे दोन कपाटांमधली जागा होती. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"तिची लघवी कालपासून बंद आहे. रक्तदाब तीन औषधांवरही टिकत नाहीये. सकाळी डोक्याची सोनोग्राफी केली. मेंदूत दोन्हीकडे रक्तस्राव झालाय, मोठा."

"किती टक्के आहे, मॅडम?"

"टक्क्यांत सांगितलं तर तुम्ही उरलेला एक टक्का धरून बसाल. म्हणून तसं सांगत नाही. ती वाचणार नाही."

बाहेर कुठल्यातरी मशीनचा गजर वाजला आणि कुणीतरी तो बंद केला.

"बाबा म्हणतात, अकोल्याले घेऊन ये. तिथं एक मोठे डॉक्टर आहेत म्हणतात, त्यायच्या ओळखीचे."

"तुमच्या बाबांशी, उत्तमरावांशी मी फोनवर बोलले काल. अकोल्याच्या डॉक्टरांशीही बोलले, तुम्हाला वाटेल की सोडून दिलं, म्हणून. तेही हेच म्हणाले. इथून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवतानाच ती जाईल. माझं ऐका, तिला रस्त्यात नेऊ नका."

"मग मी काय करू?"

"तिच्या आईला घेऊन या. आज. आत्ताच निघा."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तिले माहीत नाही, मॅडम."

"काय माहीत नाही?"

"काहीच नाही. तिले वाटते, दूध पेऊन राहिली."

मॅडमनी टेबलाची कड धरली. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"माया मला म्हणाली होती, दूध रोज येतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून आशेवर आहात. मी विचारायला हवं होतं." मग घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत धरवेल असं वाटतं. नक्की नाही. जा."

निघताना तो पेटीजवळ थांबला. आत मुलगी सुजलेली, चकचकीत दिसत होती. अंगाचा रंग जुन्या कागदाचा. छाती मशीनच्या तालावर थरथरत होती, तिची स्वतःची अशी त्यात एकही हालचाल नव्हती. फक्त पाय तसेच होते. तळपाय त्याच्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा.

दर्यापूरला जयवंताबाई स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होत्या. दूध वाढावं म्हणून वर्षालीला दिवसातून दोनदा द्यायच्या.

"आज इतक्या लवकर आले?"

"मामी, वर्षालीले घेऊन जा लागते."

"कुठी?"

"अमरावतीले. डॉक्टर म्हणते, आजचा दिवसबी निघते का नाही सांगता येत नाही."

जयवंताबाईंनी गॅस बारीक केला. "हळू बोला. पल्ल्याड जागी आहे थे."

"मामी—"

"जीव आहे ना अजून?"

"आहे."

"मंग? जीव आहे तोवर लेकराले दूध लागते का नाही? आज तिनं पाह्यलं, दूध तुटलं, अन् उद्या लेकरू उठलं तं? काय पाजसान तिले, तुमच्या बादलीतलं फुलायचं पानी?"

"उठत नाही थे. मेंदूत रक्त गेलं. लघवी नाही. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, वाचत नाही म्हणून."

"डॉक्टर तं तिच्या जन्माच्या दिवशीबी म्हने, सांगता येत नाही. जगली ना पंधरा-वीस रोज? कशावर जगली? याच्यावर." त्यांनी खिरीच्या पातेल्यावर पळी आपटली. आवाज मोठा झाला म्हणून स्वतःच दचकल्या आणि पदर तोंडाशी नेला. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज खाली गेला होता.

"तुमाले कोनी सांगतलं नसन. वर्षालीच्या आंधी मले पोरगा होता. दोन महिन्याचा. हातात मावत नव्हता असा भरलेला. माहा भाऊ विहिरीत पडून गेला. खबर आली अन् सासूनं लेकरू माह्या मांडीवरून उचललं. दुःखाचं दूध लेकराले बाधते म्हने. चार रोज त्याले गाईचं पाजलं. मंग माह्याजवळ आनलं, लावलं, तं थेंब नाही. आटून गेलं होतं सगळं. दुःखानं. लेकराले हगवन लागली, थे गेलं. माह्या डोळ्यादेखत झालं, जावई. तुमी शहान्यावानी मले शिकवू नका."

देवानंद बाहेरच्या अंगणाकडे पाहत उभा राहिला. बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती सोमवारपासून त्याच्यातही होती. अमरावतीला नेणं म्हणजे, बाळ जाणार हे आपण आपल्या तोंडाने म्हणणं.

"आईनं लेकरू हाती घ्यावं, एवढंच मांगते मी," तो म्हणाला. "जिवंत असतानी."

"माय," मागून आवाज आला.

वर्षाली दारात उभी होती. डोक्याला रुमाल, अंगावर चादर. कानातले कापसाचे बोळे तिने काढून मुठीत धरले होते. ते कानात असतानाही तिला सगळं ऐकू येतं, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"केव्हापासून?" तिने देवानंदला विचारलं.

"काय?"

"माहं दूध केव्हापासून पेत नाही थे?"

"सोमवारपासून."

"अन् व्हिडिओ?"

"रविवारचा."

तिने मान हलवली, जणू एखादं गणित जुळलं. मग भिंतीला हात लावून ती अंगणाच्या दाराकडे निघाली. जयवंताबाई आधीच जाऊन चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभ्या राहिल्या होत्या.

"वर्षे, टाके कच्चे आहे तुये. सव्वा महिना नाही झाला. बाहेरची हवा—"

"बाजूले हो, माय."

"नाही होत."

वर्षालीने वाद घातला नाही. तिने आईचा हात चौकटीवरून उचलला, त्याखालून वाकून बाहेर पडली, आणि वाकताना टाक्यांवर ताण आला तेव्हा तोंडातून निघालेला आवाज तिने तिथेच गिळला. जयवंताबाई दोन क्षण रिकाम्या दारात तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला आणि शाल घेऊन मागोमाग आल्या.

स्टँडवर नागसेनची जीप अमरावतीच्या सवारीची वाट पाहत उभी होती. तो देवानंदला रोज नेणारा. लांबूनच ओरडला, "काय जावई, आता तं उतरून गेले तुमी! सासूबाईनं भाकर नाही देल्ली का?"

मग त्याला मागची वर्षाली दिसली. तो बॉनेटवरून खाली उतरला.

"लेकरू?"

"आहे अजून," देवानंद म्हणाला. "लवकर पाहिजे."

जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे दर्यापुरातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. आत चारच माणसं बसली होती. नागसेनने मागचं दार उघडलं. "आयका बाप्पा, गाडी आता निघून राहिली, अन् मधात कुठीच थांबनार नाही. वलगावले उतरायचं आसन त्यानं आत्ताच उतरा. मागची जीप येतेच."

एक म्हातारा वांग्यांची पिशवी घेऊन उतरला. उतरताना त्याने वर्षालीला चढायला हात दिला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीत वेचणी चालली होती. जयवंताबाई मागच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. वर्षाली मधे, खड्डा आला की पोटावर दोन्ही हात दाबत. थोडं पुढे गेल्यावर ती एकेक विचारू लागली.

"डोळे उघडते?"

"आता नाही."

"केव्हा उघडले होते?"

"रविवारी. सोमवारी सकाळीबी थोडे. मी पेटीवर टिचकी मारली तं इकडे पाह्यलं होतं."

"रडते?"

"तोंडात नळी आहे. आवाज नाही येत."

"दुखत असन तिले."

"औषध चालू आहे दुखायचं. मॅडम म्हणे."

नागसेनने एका ट्रॅक्टरला ओलांडलं. वर्षालीने पुढच्या सीटची दांडी धरली.

"सोमवारी सकाळी, तिनं पाह्यलं तवा, मी काय करून राहिली होती?"

देवानंदला तिची रोजची वेळ आठवली. "न्हानीत असशीन तू. मामी पाठ शेकून देत असतीन."

"हाव," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणे, तू तिथं असती तरी हा आजार झालाच असता. आपल्या हातचं नव्हतं."

"मी आजाराचं नाही म्हणून राहिली." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मी म्हणते, मी तिथं असती."

वलगावच्या पुढे रहदारी वाढली. नागसेन हॉर्नवरून हात काढत नव्हता.

वॉर्डच्या दारात माया सिस्टर वाटच पाहत होती. तिने वर्षालीला चपला काढायला लावल्या, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, हिरवा गाऊन पुढून बांधला. जयवंताबाईंना काचेच्या बाहेर थांबायला सांगितलं. एरवी त्यांनी भांडण काढलं असतं. आज त्या काचेला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

मॅडम पेटीपाशी होत्या. वर्षालीने आत पाहिलं. तिने किंकाळी फोडली नाही, मागेही सरली नाही. पोटावरची नळी, तोंडातली नळी, हाताला बांधलेली छोटी फळी, सगळं एकेक करून पाहिलं, जसं कुणी नव्या घरातल्या खोल्या पाहतं.

"मी इथली डॉक्टर," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आधी बोलवायला हवं होतं मी."

"मी घेऊ शकते का तिले?"

"घ्या."

"मशीन?"

"मशीन राहील. नळ्यांसकट देते. आता कशाने नुकसान होणार नाही तिचं."

खुर्ची आणली. माया सिस्टर आणि मॅडम दोघींनी मिळून बाळाला उचललं, नळ्या चिकटपट्टीने वर्षालीच्या खांद्यावर बसवल्या आणि बाळाला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून घडी घातलेली चादर. वर्षालीने एक हात चादरीखाली घातला. तिचा तळहात बाळाच्या पाठीहून मोठा होता.

"किती गरम आहे," ती म्हणाली.

"गरम तुमी आहे, ताई," माया सिस्टर म्हणाली.

मॉनिटरवर आकडा होता, तो हळूहळू खाली येत होता. देवानंदची नजर त्यावरच लागलेली. गेले कित्येक दिवस तो बाळापेक्षा त्या आकड्याकडेच जास्त पाहत आला होता. मॅडमनी हात लांब करून मॉनिटरचा आवाज बंद केला आणि पडदा भिंतीकडे वळवला. मग देवानंदला बाळाशिवाय पाहायला दुसरं काही उरलं नाही.

गाऊनवर ओला डाग पसरू लागला. वर्षालीने खाली पाहिलं. दूध दोन्हीकडून उतरत होतं, बाळाच्या कानामागून ओघळून चादरीत जिरत होतं.

"सिस्टर, हे पाहा ना—"

माया सिस्टरने कापसाची काडी आणली आणि त्या दुधात भिजवून तिच्या हातात दिली. "ओठाले लावा. थेंबच."

"बंद आहे ना तिचं?"

"पोटात नाही द्यायचं. ओठाले चालते."

वर्षालीने नळीच्या बाजूने, जिथे जागा होती तिथे, काडी टेकवली. ओठ ओले झाले. जिभेचं टोक हललं. देवानंदला तरी तसं दिसलं. त्याने वर्षालीकडे पाहिलं, तिलाही दिसलं होतं की नाही ते कळावं म्हणून, पण ती खाली वाकली होती आणि रुमालाच्या कडेमुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. ती बाळाशी काहीतरी बोलत होती, घरातल्या कामासारखं, सलग, हळू. त्याने ऐकायचा प्रयत्न केला नाही.

ऊन खिडकीच्या वरच्या काचेवर सरकलं तेव्हा मॅडमनी चादरीखाली स्टेथोस्कोप घातला, बराच वेळ ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग त्यांनी मशीन बंद केलं. एवढे दिवस त्या मशीनची फुसफुस चालू होती हे ती थांबल्यावर कळलं.

"गेली का?" वर्षालीने विचारलं.

"हो."

"मी आणखी थोडा वेळ बसू?"

"बसा. कुणी उठवणार नाही."

देवानंद बाहेर आला आणि त्याने बापाला फोन लावला. उत्तमरावांनी पलीकडून फक्त "बरं" म्हटलं. मग विचारलं, "येतानी काय आनू?"

"शेवंती आना. पांढरी. पानी नका मारू त्याच्यावर."

तो परत आत गेला तेव्हा वर्षाली उभी होती. बाळ आता पांढऱ्या कपड्यात गुंडाळून मॅडमच्या हातात होतं. ती माया सिस्टरला विचारत होती, "माहं दूध कुठं आहे?"

"ताई, नंतर पाहू ना."

"आता दाखवा."

माया सिस्टरने फ्रिज उघडला. वर्षालीने एक डबी काढली, पट्टीवरचा वार वाचला, ठेवली. दुसरी काढली. सोमवार, मंगळवार, बुधवार. थंडीने तिची बोटं लाल झाली.

"हे मंगळवारचं," ती देवानंदला म्हणाली. "जास्त निघालं होतं त्या दिवशी. माय म्हने, खीर लागू पडली. व्हिडिओ पाहून हसत हसत काढलं होतं मी हे."

 तिने डबी जागच्या जागी ठेवली आणि कप्पा लावला.

बाहेरच्या बाकावर ती बसली तेव्हा जयवंताबाई शाल घेऊन पुढे आल्या. शाल खांद्यांवर नीट ओढताना त्यांचा हात तिच्या ब्लाउजला लागला आणि तिथेच थांबला. ब्लाउज पार भिजला होता. दूध अजून येत होतं. त्यांनी आपला ओला तळहात उजेडात धरून पाहिला.

"आटलं नाही," त्या म्हणाल्या.

 माया सिस्टर चादरी घेऊन चालली होती, तिला त्यांनी अडवलं.

"बाई, दुःखानं दूध आटते ना?"

माया सिस्टर घाईत होती. "दुःखानं थोडं अडते, मावशी. एखाद-दोन रोज. लेकरू लावत राह्यलं की परत येते."

"अन् लावलंच नाही तं?"

"चार-पाच रोज लावलंच नाही, काढलंबी नाही, तं आटनच ना. कोनाचंबी आटन."

ती निघून गेली. जयवंताबाई हात तसाच समोर धरून उभ्या राहिल्या.

"चार रोज," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "सासूनं चार रोज लावू नाही देल्लं मले." देवानंदकडे पाहिलं, मग कॉरिडॉरच्या टोकाकडे, जणू तिथे कुणी बसलं होतं ज्याला हे विचारायचं राहून गेलं. "दुसऱ्या खोलीत रडत होता थो. मले आयकू येत होतं."

वर्षालीने वर पाहिलं नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. खूप वेळाने ती बाकावर थोडी सरकली, बाजूला एक माणूस बसू शकेल इतकी.